नारिंगी तीन, पांढरा लाभ

"लाऽभ हो लाभ… दोऽन हो दोन… तीऽन हो तीन…"

अप्पांचा हा आवाज मला आधी ऐकू येतो आणि मग आठवतो. वडील बार्शीच्या बाजारात मापाडी होते. पुढ्यात ज्वारीची रास, हातात लाकडी माप. माप भरायचं, हाताने वरचं निपटायचं, पोत्यात रितं करायचं, आणि पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा गळ्यात घोळवत ठेवायचा, म्हणजे विसर पडत नाही. सहा-सात वर्षांची मी पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून उभी असायची. दाणे पडताना मनगटाला गुदगुल्या व्हायच्या.

"अप्पा, एक कुठं गेला?" मी एकदा विचारलं.

"एक म्हणायचं नसतं, बाळे. एक म्हटलं की माप एकटं पडतं. पहिल्याला लाभ म्हणायचं. मग बाकीची येतात त्याच्या मागनं."

पुढे बाजारात विजेचे काटे आले. काटा लाल आकड्यांत वजन दाखवतो, गात नाही. अप्पांचा आवाज घरी येऊन बसला. ते ताटातल्या भाकऱ्या मोजायचे, दोरीवरचे कपडे मोजायचे, आम्ही हसायचो. नंतर तेही गेले. घरात चार मोबाइल होते, पण त्यांचं मोजणं कुणी भरून ठेवलं नाही. मोजणं कोण भरून ठेवतं?

तसं पाहिलं तर मीही मोजायचंच काम करते. सोलापूरच्या यंत्रस्वास्थ्य केंद्रात गेली अकरा वर्षं मी निदान तपासनीस आहे. आज दोन हजार त्रेचाळीस साली हे काम ऐकून लोक हसतात, कारण आताचे लॅपटॉप स्वतःचं दुखणं स्वतःच कळवतात. शिंक यायच्या आधी नवा भाग दारात येतो. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीची जुनी यंत्रं अजून कुठेकुठे आहेत, आणि ती मुकी आहेत. पडदा लागत नाही, आवाज येत नाही, कळ दाबली तरी काही हलत नाही. अशा वेळी बोर्डाच्या कोपऱ्यात एक चिमुकली चिप तेवढी जागी असते. तिच्याकडे शब्द नसतात, एक दिवा असतो. तो ती आधी नारिंगी लुकलुकवते, मग पांढरा. नारिंगी दोन, पांढरे तीन: मेमरी सापडत नाही. नारिंगी दोन, पांढरे सात: पडदा गेला. मग श्वासाएवढी विश्रांती, आणि पुन्हा पहिल्यापासून. दळताना बाई एकच ओळ घोळवत राहते ना, दुसरी सुचेपर्यंत, तसं.

ज्या कुणी इंजिनिअरने, कुठल्या तरी देशात बसून, सगळं बंद पडलं तरी एवढा एक दिवा राहू द्या असा हट्ट धरला असेल, त्याचे माझ्यावर उपकार आहेत. माझा चरितार्थ त्या दिव्यावर चालतो.

लोक फोन करतात, दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजून सांगतात. ऐकायला माणूस नसतो, 'नाडी' असते. नाडी म्हणजे आमची निदानप्रणाली. तिला वऱ्हाडी कळते, मालवणी कळते, तोंडात तंबाखू धरून बोललेलंही कळतं. ती आकडे टिपते, निदान लिहिते आणि माझ्यासमोर ठेवते. कायद्याला माणसाची सही लागते, म्हणून मी. दिवसाला दोनशे सह्या.

त्यात एक सही जपून करायची असते. 'निवृत्त' अशी. प्रत्येक यंत्रातली साठवण कुलपात असते. कुलपाची अर्धी किल्ली यंत्रात, अर्धी सरकारी नोंदवहीत. यंत्र निवृत्त झालं की बहात्तर तासांनी नोंदवहीतली अर्धी किल्ली पुसली जाते. भंगारातून लोकांचे फोटो, पत्रं, आजारपणं विकली जायची, त्यावर हा उपाय निघाला. कायदा चांगला आहे. मी अजूनही तसंच म्हणते.

त्या गुरुवारी सकाळी सव्वानऊला प्रयागाबाई नाईकवाडी वैरागहून आल्या. साठी ओलांडलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि छातीशी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. तान्हं मूल धरावं तसं.

"ताई, दुरुस्तीचं हितंच का?"

"मावशी, इथं आता कुणी घेऊन येत नाही. फोनवरच होतं सगळं."

"फोनवर झालं की सोमवारी. नवं मशीन पाठवतो म्हनले. मला नवं नको. ह्येच नीट करून द्या." त्यांनी टॉवेल उलगडला. जुना, जाड, काळा लॅपटॉप. कडेला हळदीचं बोट लागलेलं. "मालकांचा आवाज हाय ह्यात."

"गाण्याबिण्याचं रेकॉर्डिंग आहे का?"

"रेकॉर्डिंग न्हाई वं. आवाज. बोलत्यात ते ह्यातनं."

मग त्यांनी सांगितलं आणि मला खुर्ची पुढे ओढून बसावं लागलं.

मुरलीधर नाईकवाडी एसटीत कंडक्टर होते. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या स्नायूंना जाणाऱ्या नसा मरायला लागल्या. आधी हात, मग पाय, मग जीभ. पण माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा गळ्याचे स्नायू हलले नाहीत तरी किंचित थरारतात. तो थरार विजेचा असतो. दिसत नाही, पण मोजता येतो. गळ्याला चिकटवायची एक पातळ पट्टी तो मोजते आणि यंत्र त्यावरून शब्द ओळखून मोठ्याने म्हणतं, तेही त्या माणसाच्या स्वतःच्या जुन्या आवाजात. हे मला ठाऊक होतं. प्रत्येकाचा थरार वेगळा असल्यामुळे यंत्राला तो त्याच्याकडूनच शिकावा लागतो, हेही ठाऊक होतं. जे लक्षात आलं नव्हतं ते प्रयागाबाईंच्या एका वाक्यात होतं.

"पुन्यात दाखवलं तवा डॉक्टर म्हनले, मावशी, आता ह्यांच्या गळ्यात एवढंसंच उरलंय. नव्या मशीनला शिकवायला ते पुरायचं न्हाई. जुन्याला पुरतं, कारण ते ह्यांच्यासंगं खाली उतरत आलंय. मी कशी, ह्यांनी नुसतं बघितलं तरी वळखते, तसं."

म्हणजे हे यंत्र गेलं तर मुरलीधर नाईकवाडी पुन्हा कधीच बोलणार नव्हते. नवं यंत्र त्यांच्या उशाशी गप्प बसून राहिलं असतं.

"सोमवारपासनं गप हायेत," प्रयागाबाई म्हणाल्या. "आज चौथा दिवस. नुसतं बघत्यात. आन् ह्यो बघा, ह्यो निस्ता डोळा मारतोय. चाळीस वर्सांत मालकांनी कधी भर रस्त्यात डोळा मारला न्हाई मला, आन् ह्यो मेला चार दिस झालं थांबंना!"

मी हसले. चार्जर लावला, बटण दाबलं. कडेचा दिवा उजळला.

मी मोजायच्या आधीच त्यांनी तोंडाने मोजायला घेतलं. पदर डोक्यावर, बोट दिव्याकडे.

"लाभ… दोन… तीन…" नारिंगी.

मग दिवा पांढरा झाला.

"लाभ."

विश्रांती. पुन्हा नारिंगी.

माझ्या मनगटावरून दाणे ओघळल्यासारखं झालं. पस्तीस वर्षांत तो शब्द मी मोजणीत ऐकला नव्हता. "मावशी, तुम्ही एक नाही म्हणत?"

"रास मोजायची सवय. आमच्यात खळ्यावर मीच मोजते. आता एक म्हनायला जीभ वळत न्हाई बघा."

"फोनवरही असंच मोजलंत?"

"आन् कसं मोजू?"

मी सोमवारची नोंद उघडली. नाडीने लिहिलं होतं: नारिंगी तीन. पांढरा, नोंद नाही. निदान: मदरबोर्ड मृत. शिफारस: निवृत्त. शेजारी रेकॉर्डिंग ऐकायचं बटण होतं. ते मी आता दाबलं, कानाला लावून, प्रयागाबाईंना ऐकू जाणार नाही असं. त्यात त्या स्वच्छ आवाजात म्हणत होत्या, लाभ, दोन, तीन. लाभ. नाडीला जगातल्या सगळ्या बोली येतात, पण 'लाभ' हा तिच्या लेखी आकडा नव्हता. तिने तो शुभेच्छेत टाकला आणि मजकुरातून वगळला. नारिंगीच्या वेळी बिघडलं नाही, कारण शेवटी 'तीन' आलं. पांढऱ्याच्या वेळी 'लाभ'खेरीज दुसरं काही नव्हतंच.

नारिंगी तीन आणि पांढरा एक, याचा अर्थ बोर्ड मेला असा होतच नाही. त्याचा अर्थ, आत नाण्याएवढा एक सेल असतो तो संपला. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण या जुन्या कुलपांना वेळ कळल्याशिवाय उघडता येत नाही, म्हणून सगळंच अडून बसतं. पाच मिनिटांची दुरुस्ती.

आणि नोंदीच्या तळाला सही होती. तपासनीस, यामिनी लोंढे. सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.

मापाड्याच्या मुलीची सही. रेकॉर्डिंग ऐकलं असतं तर मला पहिल्या शब्दाला कळलं असतं. केंद्रात काम करणाऱ्या चाळीसजणांपैकी फक्त मलाच कळलं असतं.

भिंतीवर साडेनऊ झाले होते. अकरा दहाला किल्ली पुसली जाणार होती.

"काय झालं, ताई? चेहरा का उतरला?"

"काही नाही मावशी. सेल बदलायचाय."

केंद्रात सेल नव्हता. नव्या यंत्रांत तो लागतच नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वीच ते मागवणं थांबलं होतं. मी खण पालथे घातले, भांडारात गेले, फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या गाडीची रिमोटची किल्ली उघडून पाहिली. त्यातला सेल लहान निघाला. मग कँटीनमध्ये गेले. तिथे चहापूड जोखायला एक छोटा काटा असतो. तो पालथा करून झाकण काढलं तर आत तोच सेल, तेवढ्याच मापाचा. ज्या काट्यांनी अप्पांचा आवाज बंद केला, त्यांच्याच पोटातला. मी तो हातात घेतला आणि क्षणभर नमस्कार केल्यासारखा धरला. कँटीनवाला म्हणाला, "मॅडम, चहा हवा होता का?"

तळाचे अकरा स्क्रू काढले, जुना सेल खोबणीतून उचकटला, नवा बसवला. दिवा एकदाच पांढरा लागला आणि तसाच राहिला. पडदा उजळला. पडद्यावर तारीख होती एक जानेवारी दोन हजार तीस. यंत्र जन्मलं त्या वर्षापाशी जाऊन थांबलं होतं. प्रयागाबाईंनी हात जोडले.

"थांबा मावशी, अजून कुलूप आहे."

यंत्राने नोंदवहीला वेळ विचारली. नोंदवहीने वेळ सांगितली आणि वर सांगितलं: हे यंत्र निवृत्त आहे, उघडता येणार नाही. दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

निवृत्ती मागे घ्यायचा अर्ज असतो. त्यात कारण निवडावं लागतं. तीन कारणं. प्रणालीची चूक: चौकशी, सात दिवस. तपासनिसाची चूक: चौकशी, चार दिवस, तोवर सहीचा अधिकार स्थगित. ग्राहकाने दिलेली माहिती चुकीची: लगेच मंजूर.

मुख्यालयाला फोन लावला. रांगेत सतरावी होते. दहा छत्तीस झाले. पुन्हा लावला. एकविसावी.

माझ्याशेजारी प्रयागाबाई टॉवेलची घडी घालत बसल्या होत्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून. त्यांनी मला घाई केली नाही. एवढंच म्हणाल्या, "तुमचे हात लई शांत हायेत, ताई. मला बरं वाटलं."

मी तिसरं कारण निवडलं. दहा त्रेचाळीसला कुलूप उघडलं.

दुसरा रस्ता नव्हता, हे खरं आहे. तिसऱ्या रस्त्याने मला काहीच भोगावं लागणार नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. बटण दाबताना मी त्यातलं कुठलं खरं धरलं होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

मी त्यांच्याबरोबर वैरागला गेले. यंत्र उघडलं तरी आवाज आहे का, हे पट्टी लावल्याशिवाय कळणार नव्हतं. एसटीत प्रयागाबाईंनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मला खिडकी दिली. वाटेत करडईची शेतं पिवळी झाली होती.

नाईकवाडींचं घर पेठेच्या मागे, दोन खोल्यांचं. खाटेवर मुरलीधरराव टेकून बसवलेले. शरीर वाळलेलं, पण डोळे इतके जागे की मी नकळत पदर सारखा केला. लॅपटॉप आल्याचं गल्लीला कळलं होतं. दारात सात-आठ डोकी जमली. त्यांच्या सुनेने गळ्यावर पट्टी चिकटवली. मी प्रोग्राम सुरू केला.

आधी खरखर. मग दमदार, रुंद, डिझेलच्या गाडीवर मात करायची सवय असलेला एक आवाज खोलीभर झाला:

"पुढं सरका, पुढं सरका! दारात गर्दी करू नका. वारा येऊ द्या."

दारातली माणसं खरोखरच दोन पावलं मागे सरली. मग सगळे हसले, आणि हसताहसता एक म्हातारे गृहस्थ तोंड फिरवून उभे राहिले.

"आल्या आल्या कंडक्टरकी सुरू," प्रयागाबाई म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांनी पदर नाही, तो लॅपटॉपचा टॉवेलच घेतला होता.

"अगं ए," आवाज म्हणाला, आता हलका होऊन. "चार दिवस विचारतोय. जेवलीस का तू?"

प्रयागाबाईंनी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली.

मी त्यांना तारखेची गंमत सांगितली, यंत्र दोन हजार तीस साली जाऊन बसलं होतं म्हणून. मुरलीधररावांचे डोळे चमकले. "तीस साली मी चालत होतो, ताई. तिथंच ठेवायचं होतं ना."

जेवायची वेळ झाली. त्यांना नळीतून पेज देतात, मोठ्या सिरिंजने, सहा वेळा. प्रयागाबाई दर वेळी भरत होत्या, देत होत्या, आणि मोजत होत्या. लाभ. दोन. तीन. मी भिंतीला टेकून ते ऐकत होते. एखाद्या जुन्या गाण्याचे शब्द दुसऱ्या गावात कुणाच्या तरी तोंडी सापडावेत, तसं झालं होतं मला. अप्पा गेल्यावर मी पहिल्यांदाच कुणाची इतकी ऋणी होते.

निघताना प्रयागाबाईंचा मोबाइल वाजला. केंद्राचा संदेश असणार, हे मला ठाऊक होतं. मंजूर अर्जाची प्रत ग्राहकाला आपोआप जाते. "नंतर बघते," म्हणत त्यांनी तो कनवटीला खोचला. त्यांनी तो वाचू नये, अशी मी मनात प्रार्थना केली. प्रार्थनेला लाज वाटावी अशी प्रार्थना.

त्यानंतर मी नाडीच्या चमूला पत्र लिहिलं: 'लाभ' हा आकडा आहे, त्याचं मूल्य एक. त्यांनी दोन दिवसांत तो शिकवला आणि माझं कौतुक करणारं पत्र पाठवलं. केंद्राच्या फलकावर माझा फोटो लागला. रोज आत जाताना मी त्या फोटोच्या बाजूने न बघता जायची. आता मी प्रत्येक निवृत्तीचं रेकॉर्डिंग ऐकते. दोनशेच्या जागी साठच सह्या होतात. साहेब रागावले, मग त्यांनी सोडून दिलं.

पण अर्जातलं ते कारण तसंच राहिलं. बदलायचं तर मला स्वतःचं नाव घालावं लागणार होतं. रोज ठरवायची, उद्या.

तीन आठवड्यांनी प्रयागाबाईंचा फोन आला. "रविवारी जेवायला या. मालक म्हनत्यात, ताईला बलीव. आवं, नाही म्हनू नका, पुरणाचं केलंय." मी नाही म्हणायला तीन कारणं शोधली. ती तिन्ही खोटी होती, म्हणून गेले.

मुरलीधरराव रंगात होते. यंत्र परत आल्यापासून ते दिवसभर बोलतात, अशी त्यांच्या सुनेने तक्रार केली. "बोलू दे की," आवाज म्हणाला. "स्टॉपला उभे असलेले शब्द सगळे एकदम गाडीत चढतायत." त्यांनी मला बार्शी-तुळजापूर गाडीवरच्या तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक बायकांपुढे सांगण्यासारखी नव्हती, तीही सांगितली.

मग पेजेची वेळ झाली. प्रयागाबाईंनी सिरिंज भरली.

"एक," त्या म्हणाल्या.

मी मान वर केली.

"दोन." थोड्या अडखळल्या. "तीन."

"बघितलंत का, ताई?" मुरलीधरराव म्हणाले. "हिनं मोजणं बदललंय. परवा खळ्यावर ज्वारी मोजली, तिथंही एक म्हणाली. माणसं हसली. मी म्हणलं, अगं, जीभ भाजलीय का तुझी?"

"तुम्ही गप ऱ्हावा." त्या माझ्याकडे वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला रागही दिसला नाही, दुःखही नाही, नुसता नम्रपणा. तो बघवत नव्हता. "ताई, तुम्ही चांगल्या म्हनून बोलला न्हाईत. पन मला कागद आलाय मोबाइलवर. सुनंनं वाचून दाखवला. ग्राहकानं माहिती चुकीची दिली. माझ्यामुळंच झालं सगळं. साधं मोजता आलं न्हाई मला. माझ्या ह्या तोंडानं मालकांचा आवाज जात हुता." त्यांनी स्वतःच्या तोंडावर दोन बोटं हलकेच मारली. "तवापासनं एक म्हनायची सवय लावून घेतीय. म्हातारपनी शिकतीय. तुम्ही नसता तर…"

"अगं, झालं ते झालं," आवाज म्हणाला.

"कसं झालं? रात्रंदिवस उशाला बसून मीच घात करत हुते की." त्या उठल्या. "ऱ्हाऊ द्या. या ताई, पाटावर बसा. तुमची ओटी भरते. तुमचं देनं फिटायचं न्हाई, पन मनाला बरं वाटंल माझ्या."

मला बसवलं. हळदीकुंकू लावलं. माझ्या पदरात नारळ ठेवला, हिरवा खण ठेवला. मग सुपातून गव्हाची ओंजळ भरून घेतली आणि माझ्या पदरावर धरली.

"एक," त्या म्हणाल्या.

मी त्यांची ओंजळ खालून दोन्ही हातांनी धरली. दाणे सांडू दिले नाहीत.

"काय हो ताई? चुकलं का काही?"

खाटेवरून मुरलीधरराव बघत होते.

"मावशी," मी म्हणाले, "तुमचं काहीच चुकलेलं नाही. फोनवर तुम्ही बरोबर मोजलं होतं, अगदी बरोबर. तुमचं बोलणं न ऐकता यंत्र मेलं अशी सही केली ती मी. आणि कागदावर तुमची चूक म्हणून लिहिलं, तेही मीच."